लेखा दोदीची चाल

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले यहुदी, सिनेगॉगमध्ये ‘लेखा दोदी’ म्हणून शब्बाथचं, म्हणजे आमच्या साप्ताहिक विश्रांतीच्या पवित्र दिवसाचं, स्वागत करतो. १६व्या शतकात आजच्या इस्राएलमधल्या सफेद (त्स्फात) नावाच्या गावी श्लोमो अल्काबेझ यांनी ही प्रार्थना रचली. पहिल्या आठ कडव्यांची आद्याक्षरं जुळवली की त्यांचं नाव निघतं. तिची जुनी चाल मी आजोबांशेजारी उभं राहून शिकलो. पण आमची मुलं पुस्तकात मान घालून बसायची, ओठ हलायचे नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटे.

इस्राएलमधल्या मावसभावाने एक नवी चाल पाठवली. तीन रविवार ती मुलांना शिकवली आणि कोणालाही न विचारता एका शुक्रवारी सुरू केली. मुलं जीव तोडून गायली. मागचे बाक मात्र गप्प. किद्दुशनंतर, म्हणजे द्राक्षरसावरच्या आशीर्वादानंतर, एक काका जवळ आले. “बाळा, चाल वाईट नव्हती रे. पण लेखा दोदीला मी आज पहिल्यांदा मुका उभा राहिलो.”

हे मला आधी सुचायला हवं होतं.

पुढचे चार महिने मी नुसतं ऐकलं. शब्बाथला रेकॉर्डिंग चालत नाही, म्हणून रविवारी मोबाइल घेऊन ठाण्या-अलिबागच्या वयस्कर मंडळींकडे जायचो. एकाच प्रार्थनेच्या तीन चाली मिळाल्या आणि प्रत्येक घरात हेच ऐकलं की खरी जुनी ती आमचीच. एक आजी म्हणाल्या, ही कोचीनची. दुसरे म्हणाले, बगदादी लोकांची. दोघांचंही खरं असू शकतं. १९व्या शतकात कोचीनहून शिक्षक आले, त्यांनी आपल्या लोकांना हिब्रू तेफिला, म्हणजे प्रार्थना, शिकवली. मुंबईत बगदादी यहुद्यांचा शेजार होता. त्याच शतकात आपल्या माणसांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली. म्हणजे आपल्या पणजोबांनीही नवं घेतलंच होतं, आणि ते इतकं मुरवलं की आज आपण त्यालाच जुनं म्हणतो. सिनेगॉगच्या कमिटीपुढे मी एवढंच मांडलं.

वाद्यांचा प्रश्न आलाच नाही. आमच्याकडे शब्बाथला वाद्य नाही, आणि ते मलाही मान्य आहे. पण त्यामुळे एक गोष्ट कळली: पुष्कळ नव्या चाली गिटारवर उभ्या असतात. गिटार काढली की त्या कोसळतात. म्हणून प्रत्येक चाल मी आधी घरी नुसत्या तोंडाने म्हणून पाहिली. दहापैकी सात गळल्या.

शेवटी वाट सापडली ती एका जुन्याच रिवाजात. बाहेरच्या अनेक यहुदी मंडळ्यांत सहाव्या कडव्याला, ‘लो तेवोशी’ला, चाल बदलतात. आम्हीही पहिली पाच कडवी जुन्या चालीत ठेवली, सहाव्यापासून नवी, आणि शेवटचं कडवं, जिथे सगळे दाराकडे वळतात, ते पुन्हा जुन्या चालीत. गिटार आणि पेटी मलिद्याला, म्हणजे आमच्या आभाराच्या विधीला. त्यातलं एलियाहू हानाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणं पोरं आता शनिवारी रात्री, शब्बाथ संपल्यावर, पेटीवर म्हणतात. समोर ताटात पोहे, खोबरं, फळं.

काकांना नवी चाल अजून नीट येत नाही, पण ध्रुवपदाला त्यांचा आवाज ऐकू येतो. आणि परवा एका मुलीने माझ्याकडे अलिबागच्या आजींचं रेकॉर्डिंग मागितलं. त्या चालीतली शेवटची हरकत तिला तशीच्या तशी घ्यायची आहे.