मलिद्यात खडा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तसं तुम्ही एकट्यानेच विचारलंय असं नाही. बेने इस्राएलांवरची, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंवरची, माझी पाऊण तासाची फिल्म जिथे जिथे दाखवली, अलिबागला एका शाळेच्या हॉलमध्ये, ठाण्यात, पुण्याला दोनदा, तिथे दिवे लागले की कुणीतरी उठतंच. सुरुवात कौतुकाने. "ताई, छान झालीये फिल्म. आपल्या कोकणात या लोकांना कधी कुणी त्रास दिला नाही, हे फार सुंदर आलंय." मग एक 'पण'. "पण मध्येच ते इस्राएलमधले मोर्चे, ठिय्या, रडारड कशाला? गोड मलिद्यात खडा लागल्यासारखं होतं."

खडे आपण निवडून काढतो. मी हा निवडून टाकलाय.

माझं आजोळ रेवदंड्याच्या अलीकडे. आजीच्या तोंडी 'शनवार तेली' असा शब्द यायचा, तेव्हा मला वाटायचं, शनिवारी तेल विकणारे कुणीतरी. होतं उलटं. ज्यूंचा विश्रांतीचा वार, शब्बाथ, म्हणून शनिवारी ज्यांचा घाणा बंद, ते शनवार तेली. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश कुलाबा जिल्ह्यात (आताच्या रायगडात) पसरला, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली कथा. गावागावावरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर. प्रार्थनेच्या जागेला जुनी माणसं मशीद म्हणत. सॅम्युएल दिवेकरांनी 1796 साली मुंबईत बांधलेली ती पहिली मशीद, आणि तिच्यावरूनच मशीद बंदर हे नाव पडलं असं सांगतात. सणांची नावं तर ऐकत राहावीत अशी. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या शोकाचा उपास, आणि तो सोडायचा वालाच्या बिरड्यावर. कोकण याहून वेगळं काय असतं?

तेव्हा पहिल्या कटमध्ये मी हेच सगळं भरलं होतं. मलिदा तर साडेचार मिनिटं. (पेपरात 'मलिदा' म्हटलं की कंत्राटदार आठवतो. इथे तो एलियाहू हनाबीला, म्हणजे ज्यूंच्या एलिया प्रेषिताला, बोललेल्या नवसाचा.) भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, ताटात भोवतीने फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. हात खोबऱ्यात बुडतात तो क्लोजअप माझा आवडता होता. एडिटरने कट बघितला आणि म्हणाला, "पर्यटन खात्याला दे, लगेच घेतील." दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

मग इस्राएलमध्ये लोदला गेले, यांच्यातले पुष्कळजण तिकडेच जाऊन राहिलेत. तेल अवीव्हच्या विमानतळाजवळचं गाव. तिसऱ्या मजल्यावर पंचाहत्तरीच्या एक आजी, मूळच्या आपल्याच बाजूच्या. त्यांचं मराठी ऐकून मला माझ्या आजोळचं ओसरीवरचं बोलणं आठवलं, फक्त दर चार वाक्यांनंतर एक 'बेसेदेर'. म्हणजे 'बरं, ठीक'. यजमान मोरोक्कोहून आलेल्या घरातले. त्यांना मराठी येत नाही, 'चहा' आणि 'गप्प बस' एवढं सोडून.

दोन तास आजी कॅमेऱ्यासमोर छान छान बोलल्या. शब्बाथला वाइन मिळायची नाही म्हणून मनुका भिजत घालून पिळून त्याचं सरबत कसं करायचे, चिकाच्या हलव्याला गव्हाचा चीक किती दिवसांनी काढायचा. कॅमेरा बंद केला, वायर गुंडाळायला लागले. आजी चहा टाकायला आत गेल्या, मी मागोमाग. कॉलरचा माइक काढायचा राहिला होता, ते ना त्यांच्या ध्यानात, ना माझ्या.

"लग्न ठरलं ना आमचं, तेव्हा रब्बी म्हणाला, आईचं नाव सांग. सांगितलं. आजीचं सांग. सांगितलं. तिच्या आईचं सांग. आता ते मला कोण सांगणार गं? पेणला जाऊन कोणाला विचारू? तो म्हणाला, मग थांबा. आम्ही सव्वा वर्ष थांबलो."

रेकॉर्डरवर यानंतर चहा उकळल्याचा आवाज आहे आणि मग बराच वेळ काही नाही.

हा काही एका विक्षिप्त रब्बीचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूचा, किस्सा नव्हता. शंका अशी घेतली गेली, की कोकणात शतकानुशतकं इतर ज्यूंपासून तुटलेल्या या लोकांनी घटस्फोटाचे, पुनर्विवाहाचे धर्मनियम पाळले होते की नाही? नसतील, तर यांच्याशी लग्न कसं लावायचं? प्रमुख रब्बींच्या मंडळाने ऑक्टोबर 1961 मध्ये अशा लग्नांना हरकत नाही म्हणून सांगितलं. पण 1962 साली ज्या सूचना निघाल्या, त्यांत लग्नाआधी आई, आजी, शक्य तितकं मागे जाऊन कूळ तपासा, असं आलं. आणि हे फक्त बेने इस्राएलांचं नाव घेऊन. भारतात ज्यांनी शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून ओळख मिळवली, त्यांना ज्यूंच्या देशात विचारलं गेलं, तुम्ही ज्यू कशावरून?

मग ही माणसं रस्त्यावर आली. मोर्चे काढले, 1964च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ज्यूईश एजन्सीसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्यूंना तिथे वसवणाऱ्या संस्थेसमोर, ठिय्या दिला. 17 ऑगस्ट 1964 ला क्नेसेटचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, खास अधिवेशन भरलं. बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत, असं पंतप्रधान लेवी एश्कोल यांनी सांगितलं. रब्बींनी सूचनेतून त्यांचं नाव काढलं. त्याआधीही 1951 साली, नोकऱ्या आणि घरांतल्या दुजाभावाला कंटाळून काहींनी तेल अवीव्हमध्ये ठाण मांडलं होतं: आम्हाला भारतात परत पाठवा. काही परतलेही. त्यातले काही पुढे पुन्हा तिकडे गेले. मला हे वळण सगळ्यात माणसासारखं वाटतं.

आता सांगा, हे सगळं काढून उरलेला मलिदा मी तुम्हाला वाढला असता, तर तो कुणाच्या कौतुकाचा झाला असता? तुमच्या-माझ्या. 'आम्ही यांना त्रास दिला नाही' हे वाक्य खरं आहे, पण त्यात कर्ता 'आम्ही' आहे. त्यांनी काय केलं, ते त्या वाक्यात नाही.

माइकची गोष्ट अर्धी राहिली. रात्री हॉटेलवर आवाज ऐकला आणि पोटात गोळा आला. चोरलेलाच आवाज तो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिसरा मजला चढले, आजींच्या कानाला हेडफोन लावले. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "माझा आवाज एवढा घोगरा आहे?" मग म्हणाल्या, "ठेव. पण मी रडत नाहीये हं, वाफ आहे ती." म्हणून फिल्ममध्ये तिथे चेहरा नाही, फक्त स्वयंपाकघराची खिडकी आहे. पुण्यात एका समीक्षकांनी त्या खिडकीचं प्रतीक म्हणून फार कौतुक केलं. चेहऱ्याचं फुटेजच नव्हतं हो.

आणि सगळेच खडे मी ठेवलेत असंही नाही. तुम्ही विचारलंत तर हेही सांगायला हवं. खुद्द बेने इस्राएलांत 'गोरे' (दोन्हीकडून ज्यू मानलेले) आणि 'काळे' (ज्यू नसलेल्या बाईच्या वंशातले मानलेले) असा भेद होता. गोऱ्यांनी काळ्यांशी सोयरीक करायची नाही. आपल्या जातींच्या शेजारात राहून हे आलं नसतं तरच नवल. आणि बगदादहून आलेल्या श्रीमंत ज्यूंनी 1836 साली मुंबईतल्या दफनभूमीत यांच्या-आपल्या कबरींमध्ये भिंत मागितली होती. भिंतीचा उल्लेख फिल्ममध्ये आहे, कारण ती मागणारे कधीच गेले. गोऱ्या-काळ्यांचं नाही. मुंबईतले एक गृहस्थ त्यावर वीस मिनिटं बोलले होते, मोकळेपणाने, आजोबांच्या आठवणींसकट. महिन्याने फोन आला. मुलीचं स्थळ बघतायत, तेवढं काढा. मी काढलं. एडिटर म्हणाला, रब्बींना सोडलं नाहीस, यांना सोडलंस. त्यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. ती वीस मिनिटं एका हार्ड डिस्कवर आहेत, तिच्यावर मी काहीही लिहिलेलं नाही.

ठाण्यात समाजातलेच एक काका रागावले होते. घरचं भांडण चव्हाट्यावर आणलंस, म्हणाले. त्यांना मी काही बोलले नाही. तुम्ही कौतुक करून विचारलंत, त्यांनी दुखावून. त्यांचा हक्क तुमच्यापेक्षा मोठा आहे, एवढं मला कळतं.

आजींना फिल्म पाठवली तेव्हा त्यांची एकच तक्रार आली: खोबरं फार जाड किसलंय, कुणी केला हा मलिदा? त्यानंतर तीनेक महिन्यांनी, आपल्याकडे पहाट असेल, एक व्हॉइस मेसेज. मागे टीव्हीवर हिब्रू बातम्या. "अगं, आठवलं. आजीच्या आईचं नाव. भाजी निवडताना एकदम आठवलं बघ. लिहून घे."

आणि त्यांनी नाव सांगितलं. दोनदा, दुसऱ्यांदा सावकाश, कुणीतरी समोर फॉर्म भरत बसल्यासारखं.