बी कायदेशीर, झाड बेकायदेशीर

गेल्या मार्चमध्ये न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. गांजाच्या बिया पन्नासही राज्यांत पोस्टाने घरपोच मिळतात, असे त्याने एका संकेतस्थळावर वाचले होते. दहा बियांचे पाकीट त्याने निवडूनही ठेवले होते आणि पैसे भरण्याआधी त्याला एवढेच विचारायचे होते : "मामा, तुम्ही मिशिगनमध्ये दरवर्षी लावता, मग मी इथे लावायला काय हरकत आहे? दुकाने तर इथेही उघडली आहेत." प्रश्न सरळ होता, पण त्याचे उत्तर द्यायला मला पाऊण तास लागला. तेव्हा जे बोललो आणि जे बोलायचे राहून गेले, ते आज सविस्तर लिहितो आहे. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत या विषयावर दबक्या आवाजातच बोलले जाते, आणि त्यामुळे अर्धवट माहिती एकाकडून दुसऱ्याकडे जात राहते.

माझी स्थिती आधी सांगतो. मी अमेरिकेचे नागरिकत्व घेऊन बरीच वर्षे झाली आहेत, घर स्वतःचे आहे, आणि पत्नीच्या गुडघ्यांना चोळायचे तेल घरीच करता यावे म्हणून दर उन्हाळ्यात मी तीन-चार झाडे लावतो. मिशिगनमध्ये ६ डिसेंबर २०१८ पासून एकवीस वर्षांवरील व्यक्तीला हे करता येते. एका घरात एका वेळी १२ झाडे चालतात, मात्र ती कुलूपबंद किंवा तशाच सुरक्षित जागेत असावी लागतात आणि दुर्बीण, विमान यांसारख्या साधनांवाचून सार्वजनिक जागेतून दिसता कामा नयेत. कायद्याच्या मजकुरात दुर्बीण आणि विमान हे शब्द खरोखरच आहेत. ते वाचल्यावर मी रस्त्यावर उभा राहून स्वतःच्या कुंपणाकडे दोन-तीन कोनांतून पाहिले होते आणि एका फटीवर फळी ठोकली होती.

आता बियांकडे वळतो. गांजाचे बी ज्वारीच्या दाण्याएवढे असते. चांगले पिकलेले बी करड्या-तपकिरी रंगाचे, कठीण आणि गडद नक्षी असलेले असते, तर फिकट हिरवे आणि बोटांत दाबले की फुटणारे बी कच्चे असते. या दाण्यात नशा आणणारे टीएचसी जवळजवळ नसतेच, आणि बियांच्या सगळ्या व्यापाराला आधार मिळाला तो याच गोष्टीचा. डिसेंबर २०१८ मध्ये झालेल्या शेती कायद्याने हेम्पची व्याख्या केली : कॅनॅबिस सॅटायव्हा या वनस्पतीचा बियांसह कोणताही भाग, ज्यात वाळलेल्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त डेल्टा-९ टीएचसी नाही, तो हेम्प होय आणि तो अमली पदार्थांच्या यादीत येत नाही. मग ज्या बीपासून पुढे जहाल गांजाचे झाड होणार आहे, त्या बीचे काय? अमली पदार्थविरोधी खात्याने, म्हणजे डीईएने, एका वकिलाच्या पत्राला ६ जानेवारी २०२२ रोजी उत्तर देताना सांगितले की माल कोणत्या झाडाचा आहे हे न पाहता त्या मालातच टीएचसी किती आहे हे पाहायचे. त्यामुळे मर्यादेच्या आतले बी हेम्पच ठरते. पन्नासही राज्यांत घरपोच पाठवण्याची भाषा याच उत्तराच्या जोरावर आली.

भाच्याची गफलत इथेच झाली होती. बी विकत घेता येते म्हणजे ते पेरताही येते, असे त्याने धरले होते. बी कोरड्या पाकिटात आहे तोवर ते हेम्प असते. ते ओल्या मातीत जाऊन त्याला मोड आला की फेडरल कायद्याच्या दृष्टीने ते गांजाचे झाड होते, आणि पुढचा प्रश्न तुम्ही कोणत्या राज्यात राहता हा असतो. न्यू जर्सीत २०२१ मध्ये गांजा कायदेशीर झाला, एप्रिल २०२२ मध्ये प्रौढांसाठी दुकाने उघडली, पण घरी एक झाडही लावायची परवानगी त्या कायद्याने दिलेली नाही. दुकानात रांग लावून विकत घ्या, पण घरच्या कुंडीत लावाल तर तो गुन्हा आहे. वॉशिंग्टन राज्याने तर २०१२ मध्ये कोलोरॅडोबरोबर देशात सर्वांत आधी हा निर्णय घेतला, पण तिथेही घरी लागवड करण्याची मुभा परवाना असलेल्या रुग्णांपुरतीच ठेवली. इलिनॉयमध्येही तसेच आहे. उलट व्हर्जिनियात १ जुलै २०२१ पासून प्रत्येक घराला चार झाडे लावता येऊ लागली, आणि तीही अशा वेळी, की प्रौढांना गांजा विकणारे एकही कायदेशीर दुकान राज्यात नव्हते. दुकाने आहेत की नाहीत, यावरून घरच्या लागवडीबद्दल काहीही अनुमान काढू नये.

झाडांची संख्या ही यातली सर्वांत चुकवणारी बाब आहे, आणि बियांचे पाकीट निवडताना ती डोळ्यांसमोर ठेवावी असे माझे ठाम मत आहे. बियांचे तीन प्रकार मिळतात. साध्या बियांतून साधारण निम्मी झाडे नर निघतात, 'फेमिनाइझ्ड' बियांतून जवळपास सगळी मादी निघतात, आणि 'ऑटोफ्लॉवर' जातीची झाडे दिवस लहान होण्याची वाट न पाहता आपल्या वयानुसार फुलतात. नर झाडाचा काही उपयोग नसतो, शिवाय त्याचे पराग मादीवर पडले की फुलात बियाच बिया भरतात, म्हणून ते ओळखू येताच उपटावे लागते. मात्र तोपर्यंत कायद्याच्या मोजणीत ते एक पूर्ण झाड असते. मेरीलँडमध्ये घरटी दोनच झाडे चालतात. तिथे साधे बी घेणे म्हणजे हंगाम पणाला लावणे आहे, आणि फेमिनाइझ्ड बियांना जास्तीचे पैसे मोजणेच योग्य.

ऑटोफ्लॉवरचा धोका याहून आडवळणाचा आहे. काही राज्ये एकूण झाडे मोजतात, तर काही फुललेली आणि न फुललेली वेगळी मोजतात. कोलोरॅडोत माणशी सहा झाडे चालतात, पण त्यांपैकी एका वेळी तीनच फुलावर असू शकतात. न्यू यॉर्कमध्ये माणशी तीन फुललेली आणि तीन लहान, अशी मर्यादा आहे. दिवसाच्या लांबीवर चालणारी जात असेल, तर घरात दिवे जास्त वेळ चालू ठेवून माणूस तीन झाडे लहान ठेवू शकतो. ऑटोफ्लॉवर जातीची सहा झाडे एकाच दिवशी पेरली, तर महिना-दीड महिन्यात सहाही फुलावर येतात, आणि काहीही वावगे केल्याची जाणीव नसताना माणूस मर्यादेच्या बाहेर गेलेला असतो. पाकिटावर ही सूचना छापलेली मी तरी कधी पाहिली नाही.

बिया विकणाऱ्यांबद्दल एक कटू अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून फेमिनाइझ्ड म्हणून पाच बिया मागवल्या. जुलैच्या मध्यावर दोन झाडांच्या पेरांपाशी, पानाचा देठ खोडाला मिळतो तिथे, मादीचे पांढरे केस यायचे तर मोहरीएवढ्या हिरव्या गाठी लोंबू लागल्या. दोन्ही झाडे नर होती. फोटोंसह तक्रार पाठवली, तेव्हा उत्तर आले की बिया केवळ 'संग्रहासाठी, आठवण म्हणून' विकल्या जातात, त्यामुळे उगवण किंवा लिंग यांची कोणतीही हमी कंपनी देत नाही. फेडरल कायद्यापासून अंग काढून घेण्यासाठी हे शब्द या धंद्यात वर्षानुवर्षे छापले जात आहेत, पण त्यांचा दुसरा उपयोग ग्राहकाला वाऱ्यावर सोडण्यासाठी होतो, हे मला तेव्हा समजले. त्यानंतर मी राज्यातल्या परवानाधारक दुकानातूनच बिया घेतो. तिथे जातींची निवड कमी असते, पण पावती मिळते, आणि बी राज्याची सीमा ओलांडत नाही.

याखेरीज प्रत्येक राज्याच्या आपापल्या अटी असतात. व्हर्जिनियात प्रत्येक झाडावर लावणाऱ्याचे नाव, त्याच्या लायसन्सचा किंवा ओळखपत्राचा क्रमांक आणि 'वैयक्तिक वापरासाठी' अशी नोंद असलेली चिठ्ठी बांधावी लागते. मिसुरीत आधी नोंदणी करून कार्ड घ्यावे लागते. नेव्हाडात २५ मैलांच्या आत परवानाधारक दुकान असेल, तर घरी लागवड करता येत नाही. कॅलिफोर्नियात घरटी सहा झाडांची मुभा आहे. तिथली शहरे अंगणातल्या लागवडीला बंदी घालू शकतात, पण घराच्या आतल्या लागवडीला घालू शकत नाहीत. घर भाड्याचे असेल, तर मालकाचा करार या सगळ्याच्या आधी वाचावा.

भाच्याला मी सर्वांत जास्त वेळ जे समजावले, ते मात्र झाडाबद्दल नव्हते. तो एच-१बी व्हिसावर आहे आणि त्याचा ग्रीन कार्डचा अर्ज रांगेत आहे. व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व हे तिन्ही विषय फेडरल सरकारचे आहेत, आणि फेडरल कायद्यात 'उत्पादन' या शब्दाच्या अर्थात पेरणे, वाढवणे आणि कापणी करणे हे सारे येते. नागरिकत्व खात्याने १९ एप्रिल २०१९ रोजी स्पष्ट केले की राज्यात कायदेशीर असलेला गांजाचा व्यवहारसुद्धा अर्जदाराच्या 'सच्चारित्र्या'ला बाधा आणू शकतो. न्यायालयात दोषी ठरण्याचीही गरज नसते. अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली पुरेशी होऊ शकते. तीस ग्रॅमपर्यंत गांजा एकदाच जवळ बाळगल्याच्या गुन्ह्याला नागरिकत्वाच्या नियमांत एक सवलत आहे, पण ती बाळगण्यापुरती आहे, लागवडीला लागू नाही. म्हणून भाचा उद्या मिशिगनमध्ये माझ्या शेजारी राहायला आला आणि त्याने माझ्याइतकीच झाडे, माझ्यासारख्याच कुंपणाआड लावली, तरी राज्याच्या लेखी आम्ही दोघे निर्दोष असू, पण व्हिसाच्या मुलाखतीला जावे लागेल ते त्यालाच.

"पण चार झाडांसाठी सरकार कशाला येईल?" असे त्याने विचारले. मी त्याला डायान मॉन्सन यांची हकीकत सांगितली. कॅलिफोर्नियातल्या या रुग्ण महिलेकडे २००२ च्या ऑगस्टमध्ये काउंटीचे पोलीस आणि फेडरल अधिकारी एकत्र आले. त्यांची सहा झाडे राज्याच्या कायद्यात बसतात, असे काउंटीच्या पोलिसांनी मान्य केले. तरीही सुमारे तीन तासांच्या वादावादीनंतर फेडरल अधिकाऱ्यांनी ती सहाही झाडे जप्त करून नष्ट केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ६ जून २००५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला, की राज्याने परवानगी दिली असली, तरी घरच्या वापरासाठी लावलेल्या झाडांवरही फेडरल कायदा चालतो. गोन्झालेस विरुद्ध रेच या नावाने ओळखला जाणारा हा निकाल आजही उलटवला गेलेला नाही. दोन-चार झाडांसाठी असे छापे सर्रास पडत नाहीत, हे खरे आहे. पण माझ्यासारख्याने त्या विरळपणावर विसंबणे वेगळे आणि ज्याचे इथले राहणेच एका शिक्क्यावर टिकून आहे त्याने विसंबणे वेगळे.

बियांच्या खरेदीबद्दल वर जे लिहिले, त्यात एक मोठा बदल झाला आहे. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी सही झालेल्या खर्चविषयक कायद्यात हेम्पची व्याख्या बदलली, आणि हा बदल एका वर्षाने लागू व्हावा असे त्यात लिहिले आहे. नव्या व्याख्येत एकूण टीएचसी धरले जाते, आणि ज्या झाडात ते ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त आहे, त्या झाडाची उगवणारी बी हेम्पमधून वगळली आहे. म्हणजे डीईएच्या पत्राने जो प्रश्न बाजूला सारला होता, की बी कोणत्या झाडाचे आहे, तोच आता निर्णायक ठरतो. त्यामुळे राज्याबाहेरून पोस्टाने बिया मागवणाऱ्याने, ही तारीख पुढे ढकलली गेली आहे का, हे पैसे भरण्याआधी तपासलेच पाहिजे. विक्रेत्याच्या पानावर 'सर्व राज्यांत कायदेशीर' असे लिहिलेले असले, तरी ते केव्हा लिहिले होते, हे त्या पानावर नसते.

भाच्याने ते पाकीट मागवले नाही. त्याच कुंडीत त्याने मिरच्या लावल्या आणि ऑगस्टमध्ये मला त्यांचे फोटो पाठवले.