मास्तरांची दोन नाटके

गोव्यात फोंड्याला माझे डीटीपीचे दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिले, देवस्थानच्या महाजनांच्या सभेच्या नोटिसा, चवथीला आरत्यांच्या पुस्तिका असे आमचे काम. शिवाय नाटके. आमच्याकडे जत्रा म्हटली की रात्री गावच्या मुलांचे मराठी नाटक आलेच, आणि बऱ्याचदा ते गावातल्याच कुणीतरी लिहिलेले असते. वहीतली संहिता टाइप करायची, पात्रागणिक प्रती काढायच्या, प्रॉम्प्टरसाठी अक्षर मोठे ठेवायचे. आमच्या वाड्यावरच्या मास्तरांची सात नाटके मी अशी टाइप केली. मास्तर २०१५ मध्ये गेले. त्यांच्या वह्या घराच्या माळ्यावर होत्या, त्या वाळवीने खाल्ल्या. म्हणजे ती नाटके उरली फक्त माझ्या संगणकात, आणि ही गोष्ट तेव्हा मला नीट उमगलीही नव्हती.

जून २०१९. पाऊस नुकताच लागला होता. शनिवारी संध्याकाळी मी फोटो साफ करण्याचे एक महागडे सॉफ्टवेअर नेटवरून फुकट उतरवले. फुकट म्हणजे चोरलेले, क्रॅक केलेले. सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ होती: आधी अँटिव्हायरस बंद करा. मी केला. थोड्या वेळाने विंडोज अपडेट होत असल्याची खिडकी आली. म्हटले होऊ दे, संगणक तसाच चालू ठेवला आणि शेवटची बस पकडून घरी गेले.

सोमवारी दुकान उघडले तर सगळ्या फायलींची चित्रे कोरी पांढरी. प्रत्येक नावाच्या शेवटी कधी न पाहिलेले शेपूट. पत्रिका उघडेना, पावती उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये एक छोटी मजकुराची फाइल पडली होती: तुमच्या फायली कुलूपबंद केल्या आहेत, ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर निम्मे, ४९०. तेव्हाच्या भावाने हे निम्मेही चौतीस हजारांच्या आसपास जात होते. शनिवारची ती अपडेटची खिडकी खोटी होती. तिच्या आड फायलींना एकेक करून कुलूप लागत होते.

तरी मी पहिली पाच मिनिटे घाबरले नाही, कारण माझ्याकडे बॅकअप होता. १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क, दर आठवड्याला नेमाने प्रत काढत होते. पण ती डिस्क मॉनिटरमागे कायम जोडलेलीच असायची, कोण रोज वायर काढ-घाल करणार म्हणून. तिच्यातही प्रत्येक फाइलला तेच शेपूट. माझे पाय गळाले ते तेव्हा.

मला आज सगळ्यात कळकळीने हेच सांगायचे आहे. कायम जोडलेली डिस्क हा बॅकअप नव्हे. संगणकाला ती दिसते, तशी संगणकात शिरलेल्यालाही दिसते. घरातले दागिने दुसऱ्या कपाटात ठेवले आणि चावी त्याच खिळ्याला टांगली, तर ते दुसरे कपाट कशाला?

पैसे मी भरले नाहीत. भरून फायली मिळतील याची हमी कुणी देत नव्हते, आणि माझ्या पैशांवर तो पुढचे दुकान धरणार हेही दिसत होते. भाचा संगणकातला जाणकार. त्याने फोनवर दोन गोष्टी बजावल्या. एक, कुलूपबंद फायली पुसू नकोस, एका वेगळ्या डिस्कवर काढून ठेव. आज किल्ली नसली तरी उद्या निघू शकते. दुसरी, ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड आत्ताच्या आत्ता बदल, पण या संगणकावरून नको, फोनवरून. कारण हे कुलूपवाले त्या काळात सोबत पासवर्ड चोरणारा आणखी एक प्रोग्रामही सोडत. हे मला स्वतःहून कधीच सुचले नसते. मी कुलपाकडे बघत बसले होते, आणि तोवर खिडकीतून काय गेले ते पाहिलेच नव्हते.

त्याचे म्हणणे खरे ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एम्सीसॉफ्ट या कंपनीने या जातीच्या कुलपासाठी मोफत किल्ली काढली. ऑगस्ट २०१९ च्या आधीच्या प्रकारांना ती लागू होती आणि माझे प्रकरण जूनचे. अट मात्र एक होती. कुलूपबंद फाइल आणि तीच फाइल मूळ रूपात, अशी जोडी द्यायची, आणि ती १५० केबीपेक्षा मोठी हवी. ही कुलूपवाली मंडळी घाईत असतात. मोठ्या फाइलचा फक्त सुरुवातीचा १५० केबीचा भाग बिघडवतात, तेवढ्यानेच ती उघडेनाशी होते. जोडी मिळाली की दोन्हींतल्या फरकावरून त्या प्रकारच्या बाकीच्या फायलीही सुटतात. पण फाइलच्या प्रत्येक प्रकाराला, म्हणजे पीडीएफला वेगळी, वर्डला वेगळी, अशी जोडी लागते.

मग सुरू झाली मूळ फायलींची शोधाशोध. पीडीएफची जोडी सापडली ईमेलच्या पाठवलेल्या टपालात, कारण गिऱ्हाइकाला पाठवलेले पत्रिकेचे प्रूफ तिथे होते. वर्डच्या फाइलसाठी जुन्या सीडी काढल्या. गोव्याच्या दमट हवेत सीडीला बुरशी धरते, नक्षीसारखी. नऊ सीडींपैकी दोनच वाचता आल्या, आणि त्यातल्या दुसरीवर मास्तरांच्या एका नाटकाची चित्रांसह केलेली छापील प्रत वर्डमध्ये होती. रात्री अकरा वाजता ती जोडी चालली. एकामागून एक फायली उघडत गेल्या तशी मी एकटीच दुकानात रडले. फोटो मात्र निम्म्याहून जास्त गेले. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांच्या फोटोंना वेगवेगळ्या जोड्या लागत होत्या.

मास्तरांची पाच नाटके परत आली. सुरुवातीची दोन मी एका जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या स्वतःच्याच प्रकारात साठवली होती. त्या प्रकाराची एकही मूळ फाइल मला अजून मिळालेली नाही.

आता दुकानाची पद्धत बदलली आहे. दोन डिस्क आहेत. एक शनिवारी संध्याकाळी जोडते, प्रत काढते, वायर काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. दुसरी माझ्या घरी असते आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला दोघींची अदलाबदल होते. त्याच दिवशी बॅकअपमधली कुठलीही एक फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून पाहते. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर मी आता विश्वास ठेवत नाही. पावसाळ्यात विजा चमकू लागल्या की यूपीएससोबत नेटची वायरही काढते, कारण आमच्या बाजूला वीज त्या वाटेनेही घरात येते.

रोजचे काम साध्या खात्यावर चालते, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यावर नाही. पाने जुळवायचे जुने पेजमेकर सॉफ्टवेअर ज्या जुन्या विंडोज एक्सपीच्या संगणकावर आहे त्याला नेटची वायर लावतच नाही. नव्या संगणकाला अपडेट आले की त्याच रात्री करून टाकते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या अशाच कुलूप लावणाऱ्या प्रोग्रामने जगभर रुग्णालये आणि कचेऱ्या ठप्प केल्या, तेव्हा ज्या भोकातून ते शिरले त्याचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते. दोन महिने लोकांनी ते लावलेच नव्हते.

दुकानाची आणखी एक जबाबदारी आहे, तिच्याबद्दल आमच्या धंद्यात फार कुणी बोलत नाही. लोक जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याची प्रिंट काढायला येतात, आधार व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, ईमेल आमच्याच संगणकावर उघडतात आणि तसेच निघून जातात. संध्याकाळी डाउनलोडचे फोल्डर पाहिले की अर्ध्या गावाचे आधार तिथे पडलेले. आता प्रिंट हातात दिली की गिऱ्हाइकासमोरच फाइल पुसते, रिसायकल बिनमधूनही, आणि त्यांना ईमेलमधून बाहेर पडायला लावते. जिथे चालत असेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार उतरवून देते. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो. वाटू दे.

पत्रिकांचे तर मला जास्तच लागते, कारण तो माझा धंदा आहे. हल्ली लग्नाची पत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल येते, कधी ओळखीच्याच नंबरवरून, कारण त्या माणसाचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. ती बसवली की फोनवरचे मेसेज तिकडे वाचता येतात, ओटीपीसकट. मी प्रत्येक लग्नघराला सांगते: पत्रिका पीडीएफ असते, चित्र असते, व्हिडिओ असतो. पत्रिका कधी ‘इन्स्टॉल’ करावी लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. जितके लवकर कळवाल तितके पैसे वाटेत अडण्याची शक्यता जास्त.

मास्तरांच्या त्या दोन कुलूपबंद फायली अजून घरच्या डब्यात आहेत. पण गेल्या वर्षी जत्रेत मला एक आजोबा भेटले. त्या दोनपैकी एका नाटकात ते तरुणपणी राजा झाले होते. त्यांना आपली सगळी भाषणे पाठ आहेत, आणि समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, जे ऐकून आपण बोलायचे असते. रविवारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या सोप्यावर बसते. मधले राणीचे काय होते म्हणून विचारले तर म्हणतात, “बाय, माझे तेवढे लिही. दुसऱ्याचे मी कसे सांगू?”

म्हणून राजाचे भाषण टाइप करते, खाली जागा रिकामी सोडते, मग राणीचे शेवटचे दोन शब्द लिहिते. राणी झालेले गृहस्थ आता वास्कोला मुलाकडे असतात असे कळले आहे. चवथ झाली की जाऊन येणार आहे.