तुम्ही विचारलंत म्हणून: स्टेल्थ गेमवर पैसे घालावेत का?

मी गेम खेळते, आणि त्यातही लपूनछपून खेळायच्या, म्हणजे स्टेल्थ गेमवर माझा विशेष जीव आहे, हे ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे एखादा मोठा स्टेल्थ गेम आला किंवा जुना सेलमध्ये लागला की विचारणा होतेच: “ट्रेलर जबरदस्त आहे, पण घेऊ का? पैसे वसूल होतील?” सध्या बहुतेकांचा रोख ‘ॲसॅसिन्स क्रीड शॅडोज’कडे असतो, काहींचा ‘हिटमॅन’कडे. नुसतं ‘घ्या’ किंवा ‘नको’ म्हणून भागत नाही. दोन्हींच्या जाहिरातीत लपणं आणि मारणं असंच दाखवलेलं असलं, तरी आत जे मिळतं ते फार वेगळं आहे.

मी स्वतः गेम घ्यायचं ठरवते तेव्हा आधी एकच गोष्ट पाहते. पहारेकऱ्याने आपल्याला पाहिलं की पुढे काय होतं?

ट्रेलरमध्ये हे कधी दिसत नाही. तिथे नायक छपरावरून अलगद उतरतो, मागून येतो आणि गार्ड आवाज न करता कोसळतो. हे दृश्य उत्तम गेममध्येही असतं आणि सुमार गेममध्येही. फरक कळतो तो अंदाज चुकून कंदिलाच्या उजेडात पाय पडल्यावर. काही गेम तिथेच ‘मिशन फेल’ म्हणून मागच्या सेव्हला, म्हणजे खेळ जिथवर साठवलेला असतो तिथे, नेऊन सोडतात. मग कोण कुठून कुठे गस्त घालतो हे पाठ करायचं, चुकायचं, पुन्हा लोड करायचं. त्यात डोकं कमी आणि पाठांतर जास्त. काही गेम दुसऱ्या टोकाला: दिसलात तर दिसलात, तलवार काढा, आठ-दहा जणांना लोळवा आणि पुढे चला. मग इतका वेळ झुडपात कशाला बसलो होतो? दुसऱ्या दिवसापासून झुडपात बसणं बंदच होतं. आणि मोजके गेम असे असतात की तुम्ही दिसलात की खरी रंगत सुरू होते. पळायला वाट असते, पुन्हा अंधारात शिरता येतं, शोधायला निघालेली माणसं आपल्या जागा सोडतात आणि मघाशी बंद असलेली वाट त्यामुळे मोकळी होते. माझ्या मते पैसे घालावेत ते या मोजक्यांवर.

हा प्रकार आता ज्या रूपात आपण ओळखतो ते रूप १९९८ मध्ये आलं. त्या एका वर्षात ‘मेटल गिअर सॉलिड’, ‘तेन्चू’ आणि ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ हे तिन्ही गेम बाहेर पडले. ‘थीफ’मध्ये पडद्याच्या तळाशी एक रत्न असायचं. तुम्ही उजेडात असाल तर ते चमकायचं, अंधारात काळवंडायचं. आणि जमीन! गालिच्यावरून चाललात तर कुणाला चाहूल लागत नसे, तीच पावलं फरशीवर किंवा लोखंडी जाळीवर पडली की शेजारच्या खोलीतला पहारेकरी “कोण आहे तिकडे?” म्हणून पुढे यायचा. मशाल विझवायला पाण्याचे बाण, आवाज दाबायला जमिनीवर शेवाळ पसरवणारे बाण. तलवार हातात होती, पण दोघांशी एकदम भिडलात तर बहुधा तुम्हीच मरत होता, म्हणून लपण्याला अर्थ होता. २००५ च्या ‘स्प्लिंटर सेल: केऑस थिअरी’ने यात आणखी एक सुंदर भर घातली. तुमच्या आवाजाच्या मोजपट्टीवर आजूबाजूचा आवाजही दिसू लागला. बाहेर ढग गडगडत असतील किंवा जनरेटर चालू असेल तर त्या आवाजाच्या आडोशाने पटकन पुढे सरकता यायचं. आजही नवा गेम हातात घेतला की मी आधी हे शोधते: यात आवाजाला काही किंमत आहे का? बऱ्याच महागड्या गेममध्ये ती नसते.

अगदी शुद्ध स्टेल्थ आता कमी बनतं. ‘स्प्लिंटर सेल’चा शेवटचा मुख्य गेम २०१३ चा. ‘शॅडो टॅक्टिक्स’ आणि ‘डेस्पराडोज ३’ बनवणारा मिमिमी हा जर्मन स्टुडिओ २०२३ मध्ये बंद झाला, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटलं. इतक्या काळजीने बांधलेले पहारे फार कमी लोकांनी बनवलेत. मोठ्या कंपन्यांना जास्तीत जास्त लोकांना विकता येईल असा गेम हवा असतो, आणि वाट पाहणं सगळ्यांना आवडत नाही. त्यामुळे आजच्या बहुतेक गेममध्ये लपायचं असेल तर लपा, लढायचं असेल तर लढा, अशी मुभा असते. या मुभेला माझी हरकत नाही. फक्त दोन्ही रस्त्यांना सारखीच मेहनत घेतली आहे का, हे पाहायला हवं.

२०१५ चा ‘मेटल गिअर सॉलिड ५: द फँटम पेन’ घ्या. गार्डने पाहिलं की क्षणभर वेळ संथ होते आणि तेवढ्यात त्याला गप्प करायची एक संधी मिळते. ती हुकली तर तो वायरलेसवर मुख्य ठाण्याला कळवतो, आणि सगळी चौकी सावध होते. पण संपर्काची यंत्रणा तुम्ही आधीच उडवून ठेवली असेल तर त्याची हाक चौकीबाहेर जातच नाही. शिवाय शत्रू तुमच्या सवयी शिकतो. सतत डोक्यात गोळ्या घालत गेलात तर पुढच्या मोहिमांत त्यांच्या डोक्यावर हेल्मेट येतात. दर वेळी रात्रीच शिरलात तर त्यांना रात्री दिसायची साधनं मिळतात. तुमची ठरलेली युक्ती हळूहळू निकामी होते आणि तुम्हाला नवी शोधावी लागते. कथा शेवटाकडे अर्धवट सुटल्यासारखी वाटते, ही तक्रार रास्त आहे. कथेसाठीच खेळणार असाल तर नाराज व्हाल. पण अंधारात एका चौकीभोवती पोटावर सरपटत दुर्बिणीतून एकेक माणूस हेरण्याचा जो आनंद या गेममध्ये आहे, त्याच्या जवळपास फार कमी गेम पोचलेत. मी तो आजही बिनदिक्कत सुचवते.

‘हिटमॅन’बद्दल विचारणाऱ्यांना मी एक शंका विचारते: गर्दीत उभं राहून लोकांकडे बघायला आवडतं का? कारण हा गेम अंधारात लपण्याचा कमी आणि उघड्यावर दुसऱ्याच्या वेशात वावरण्याचा जास्त आहे. २०१६, २०१८ आणि २०२१ चे तीन गेम २०२३ पासून ‘वर्ल्ड ऑफ ॲसॅसिनेशन’ या एका नावाखाली एकत्र मिळतात. त्यातली पॅरिसची मोहीम पाहा. राजवाड्यासारख्या इमारतीत फॅशन शो चालू आहे. तुमचं सावज वर-खाली फिरतं आहे, भोवती अंगरक्षक. तिथेच हेल्मुट क्रूगर नावाचा एक मॉडेल आहे, चेहऱ्याने हुबेहूब तुमच्या नायकासारखा. त्याला बाजूला घेऊन त्याचे कपडे चढवले, मेकअपच्या खुर्चीत बसलात, की तुम्ही चक्क रॅम्पवर चालत जाता. शेकडो लोक बघत असतात, कॅमेरे लखलखतात, आणि कुणालाही तुम्ही कोण ते कळत नाही. इतक्या उघडपणे लपायला लावणारा प्रसंग मला दुसरीकडे सापडलेला नाही. तरी कुठेतरी असा एखादा माणूस असतोच, ज्याच्या डोक्यावर गेम पांढरा ठिपका दाखवतो, जो त्या वेशातल्या खऱ्या लोकांना ओळखतो. त्याच्या नजरेसमोर जास्त वेळ राहिलात तर त्याला सुगावा लागतो. मग कपडे बदला, खोली बदला, बेत बदला.

इथे एक सूचना द्यायलाच हवी. हा गेम एकट्याने खेळायचा असला तरी इंटरनेट नसेल तर त्यातली चॅलेंज आणि पुढची साधनं मिळवण्याची प्रगती होत नाही. एकट्याच्या गेमला ही अट लावणं मला पटत नाही, आणि ज्यांचं कनेक्शन बेभरवशाचं आहे त्यांनी हे घेण्याआधीच लक्षात घ्यावं. नेट बरं असेल तर मात्र एकेक मोहीम पुन्हा पुन्हा खेळून महिनोन्‌महिने पुरेल इतकं यात भरलेलं आहे. ज्यांना एकदा संपवून पुढच्या गेमकडे वळायची सवय आहे, त्यांना यातलं निम्मंही दिसणार नाही. त्यांनी घेऊ नये.

‘डिसऑनर्ड २’ (२०१६) हा आणखी एक. त्यातल्या किरिन जिंदोशच्या यांत्रिक वाड्यात कळ ओढली की भिंती सरकतात, जमीन उलटते, दिवाणखान्याच्या जागी दुसरीच खोली उभी राहते. पण कळ ओढलीत की आपण आल्याचं मालकाला कळतं. त्याऐवजी सरकत्या भिंतींच्या मागे, दात्यांच्या आणि साखळ्यांच्या पोकळीत शिरून, एकही कळ न ओढता त्याच्यापर्यंत पोचता येतं. पहिल्यांदा त्या पोकळीत उभं राहून वाड्याचा सांगाडा पाहिला तेव्हा मी कितीतरी वेळ पुढे सरकलेच नाही. हा गेम आता जुना म्हणून सेलमध्ये वारंवार लागतो. हाताशी आला तर सोडू नका.

आता ‘शॅडोज’. मार्च २०२५ मध्ये आलेला, सोळाव्या शतकातल्या जपानमधला. त्यात दोन नायक आहेत: इगा प्रांतातली शिनोबी (निन्जा) नाओए आणि सामुराई यासुके. नाओए हाती असेल तर हा गेम खरोखर लपायचा गेम आहे. दिवे विझवता येतात, पोटावर सरपटता येतं, सावलीत तुम्ही खरंच दिसेनासे होता. ऋतू बदलतात, आणि ज्या उंच गवतात उन्हाळ्यात लपलात ते हिवाळ्यात जागेवर नसतं. पकडली गेली तर नाओए फार माणसांपुढे टिकत नाही, म्हणून धूर सोडून पळावं लागतं, आणि हेच मला हवं असतं. यासुके याच्या अगदी उलट, दार फोडून आत जाणारा. तो वाईट नाही, पण त्याच्यासाठी हा गेम घेणारा माणूस वेगळा.

‘ॲसॅसिन्स क्रीड’ मालिकेतला एक दोष मला वर्षानुवर्षं खुपतो. २०१८ च्या ‘ओडिसी’त गार्डची लेव्हल, म्हणजे ताकदीचा आकडा, तुमच्यापेक्षा बरीच वर असली, तर मागून येऊन पातं खुपसलं तरी तो मरत नसे. एवढा वेळ दबा धरून बसायचं, नेमका क्षण साधायचा, आणि मग आकडा पुरेसा नाही म्हणून सगळ्यावर पाणी. लपण्याचा गेम मारायचा याहून खात्रीचा उपाय नाही. ‘शॅडोज’मध्ये सेटिंगमध्ये जाऊन ही अडचण बंद करता येते, नेम साधला की वार पक्का. ती आधी बंद करा, आणि स्टेल्थची काठिण्यपातळी सर्वांत वर न्या. मग हा गेम निम्म्या किमतीत पैसे वसूल करतो. पूर्ण किमतीत मी म्हणणार नाही, कारण नकाशा प्रचंड आहे आणि किल्ले काही काळाने एकसारखे वाटू लागतात.

घ्यावा की नाही हे तुमचं तुम्हाला ताडून पाहायचं असेल तर एक उपाय आहे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचे २ तास भरण्याआधी पैसे परत मागता येतात. ते २ तास गोष्ट पुढे नेण्यात घालवू नका. शिकवणीचा भाग संपला की मुद्दाम एका गार्डसमोर उभे राहा. मग पळा, कोपरा ओलांडा, लपा, आणि बघा. तो तुम्हाला शेवटचं जिथे पाहिलं तिथे येतो का? सोबत्याला हाक मारतो का? विझलेला दिवा, उघडं राहिलेलं दार त्याच्या लक्षात येतं का? की थोडा वेळ इकडेतिकडे फिरून “काही नाही” म्हणत परत जागेवर जातो, शेजारी मित्र मरून पडलेला असला तरी? हे शेवटचं दिसलं तर खुशाल परत करा. फक्त काही मोठ्या गेममध्ये सुरुवातीची गोष्टच इतकी लांब असते की तोवर दोन तास सरतात. तिथे विकत घेण्याआधी कुणाचा तरी न कापलेला व्हिडिओ बघा, आणि तो पकडला जातो तिथे थांबून नीट बघा.

जमेल तर हेडफोन लावून खेळा, एवढंही सांगून ठेवते. भिंतीपलीकडच्या पावलांचा कानोसा घेणं हा यातला अर्धा खेळ आहे, आणि टीव्हीच्या स्पीकरवर तो हरवतो. यातले बहुतेक गेम प्रौढांसाठीच आहेत, तेव्हा घरातल्या लहान मुलासाठी विचारत असाल तर माझं उत्तर सरळ ‘नको’ असं आहे.

हा प्रकार आपल्याला आवडेल का याचीच खात्री नसेल, तर मोठ्या गेमकडे जाऊच नका. २०१२ चा ‘मार्क ऑफ द निन्जा’ घ्या. लहानसा, बाजूने दिसणारा गेम आहे. तुम्ही धावलात की आवाज कुठवर गेला ते वर्तुळाने दिसतं, तुम्ही उजेडात आहात की सावलीत हे रंगावरून लगेच कळतं, त्यामुळे पकडले गेलात तर का पकडले गेलात हे कधी कोडं राहत नाही. त्यात एखाद्या गार्डच्या डोक्यावरच्या तुळईवर बसून तो वळायची वाट बघताना तुम्हाला मजा आली, तर ‘हिटमॅन’ घ्या, मग ‘डिसऑनर्ड २’. आणि वाट बघताना हात शिवशिवायला लागले, कधी एकदा उडी मारतो असं झालं, तर ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ घ्या. त्यातलं लपणं साधंच आहे, पण तलवारबाजी इतकी देखणी आहे की त्या पैशांचं तुम्हाला वाईट वाटणार नाही.