मुखपृष्ठावर टोपणनाव, करारावर खरं नाव

सातारचे कवी शंकर केशव कानेटकर 'गिरीश' झाले, चाफळचे कवी यशवंत दिनकर पेंढरकर नुसते 'यशवंत'. त्या काळी तेवढं पुरायचं. आज एकशब्दी नाव गुगलवर टाकलं की हजार गिरीश निघतात, त्यामुळे आधी शोधून बघा आणि मगच नाव धरा. नावावर कॉपीराइट मिळत नाही. तेच नाव उद्या दुसऱ्यानं घेतलं तर हात चोळत बसावं लागेल.

खरा प्रश्न असतो तो नाव उघड ठेवायचं की गुप्त, हा. 'कुसुमाग्रज' म्हणजे वि. वा. शिरवाडकर हे सगळ्यांना ठाऊक होतं. कविता एका नावानं, नाटकं दुसऱ्या नावानं. 'विभावरी शिरूरकर' हे नाव मात्र लेखिका मालतीबाई बेडेकरांनी 1933 साली ओळख लपवायलाच घेतलं होतं. कायदा या दोन्हींत फरक करतो. लेखकाची ओळख उघड असेल तर कॉपीराइट हयातभर आणि मृत्यूनंतर 60 वर्षं. गुप्त असेल तर पहिल्या प्रकाशनापासून 60 वर्षं. म्हणजे 2026 चं पुस्तक 2086 अखेर कॉपीराइटमधून मोकळं. तोच लेखक 2060 साली गेला आणि त्या मुदतीच्या आत ओळख जाहीर झालेली असली, तर हक्क 2120 पर्यंत. जाहीर करायचं तर लेखक आणि प्रकाशक दोघांनीही. सोपा मार्ग म्हणजे कॉपीराइटच्या पानावर © पुढे खरं नाव छापणं. ओळख लपवायची असेल तर तिथंही टोपणनावच ठेवा आणि करारात गुप्ततेचं कलम घाला.

करार मात्र खऱ्या नावानंच: '..., टोपणनाव ...' असं दोन्ही लिहून. प्रकाशकाला हक्क किती वर्षांसाठी दिले ती मुदत लिहायची राहिली तर कायदा ती 5 वर्षं धरतो. टोपणनाव लेखकाचंच राहील, प्रकाशक ते दुसऱ्याच्या लेखनाला लावणार नाही, हेही लिहून घ्या. पुष्कळजण नेमकं हेच विसरतात. मानधनाचा चेक टोपणनावानं आला तर बँक परत पाठवते, आणि पॅन दिला नाही तर रॉयल्टीवर 10 ऐवजी 20 टक्के कर कापला जातो.

स्वखर्चानं संग्रह छापणाऱ्यांनी आयएसबीएनच्या (पुस्तकाच्या ओळखक्रमांकाच्या) अर्जात ओळखपत्रावरचं नाव आणि लेखकाच्या रकान्यातलं टोपणनाव यांची गल्लत करू नये. रोमन स्पेलिंगही एकदाच ठरवा, नाहीतर ग्रंथालयाच्या यादीत एकाच माणसाचे दोन लेखक होतात.

मृत्युपत्रातही टोपणनाव आणि पुस्तकांची यादी असू द्या. नाहीतर 'हे आमच्या आईनंच लिहिलंय' हे सिद्ध करायला मुलांना जुने करार आणि हस्तलिखितं शोधत बसावं लागतं.