चिपीचं विमान मुंबईत अडतं

सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाची कातळसड्यावरची धावपट्टी अडीच किलोमीटरची. सत्तर आसनांच्या, पंख्यांवर चालणाऱ्या एटीआर विमानाला त्यातली साधारण निम्मी पुरते. म्हणजे सिंधुदुर्गात जागेचा तुटवडा कधीच नव्हता, तो मुंबईत आहे. तिथे धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या, म्हणून एका वेळी एकच चालते. गर्दीच्या तासाला चाळीस-पंचेचाळीस विमानं चढ-उतार करतात. त्यापुढे मुंगीलाही वाव नाही.

या रांगेत एटीआर म्हणजे घाटात पुढे लागलेला चिऱ्यांचा ट्रक. एअरबस उतरताना ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असते, एटीआर दोनशेच्या थोडं वर. मागच्याला वेग आवरावा लागतो. उलट एटीआर एखाद्या अवजड विमानामागे आलं, तर पुढच्याने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यांसाठी आणखी अंतर सोडावं लागतं. स्लॉट, म्हणजे धावपट्टीची नेमून दिलेली वेळ, मात्र दोघांनाही एकच: त्यात १८० माणसं उतरवायची की ७०? वर ८०पेक्षा कमी आसनांच्या विमानाला लँडिंग शुल्कही माफ. विमानतळ चालवणाऱ्याने वहीत आकडे मांडले की छोट्या विमानाला कसली वेळ मिळत असेल, हे वेगळं सांगायला नको.

९ ऑक्टोबर २०२१ला चिपीचं उद्घाटन झालं, तेव्हा उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एकाच मंचावर होते. त्या दिवशीचे टोमणे आजही लोकांना पाठ आहेत. विमानाचं वेळापत्रक कुणालाच आठवत नाही. मुंबईची फेरी केंद्राच्या 'उडान' या स्वस्त विमानप्रवासाच्या योजनेतली होती. या योजनेत साधारण निम्म्या जागांचं भाडं बांधलेलं असतं, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या घरात, आणि कंपनीची तूट सरकार भरून देतं. पण तीनच वर्षं. २०२४च्या ऑक्टोबरात मुदत भरली आणि मुंबईची फेरी थांबली. तोवर शेजारच्या गोव्यातला मोपा विमानतळ सुरू होऊन पावणेदोन वर्षं झाली होती. बांदा-सावंतवाडीच्या माणसाला तो हाकेच्या अंतरावर, फेऱ्या भरपूर, वेळाही सोयीच्या. जिल्ह्याचा अभिमान खरा, पण तिकीट काढताना माणूस घड्याळ बघतो.

पावसाचं निराळंच. उतरायला मार्गदर्शक यंत्रणा नसेल, तर वैमानिकाला निदान पाच किलोमीटरवरचं स्वच्छ दिसायला हवं. आषाढात सड्यावर समोरचं काजूचं झाड दिसलं तरी पुष्कळ. विमान वर घिरट्या घालतं आणि मग दुसरीकडे वळवतात.

सामानाचंही बघून ठेवावं. आंब्याची पेटी चालते, वजनात बसली तर. गावाहून निघताना आईने भरलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र चालत नाहीत, ना हातात, ना चेक-इनमध्ये. खोबऱ्यातलं तेल कोंडलेल्या जागी आपोआप तापत जातं, म्हणून हवाई नियमांत ते धोकादायक मालात मोडतं. स्कॅनरवर वाट्या दिसल्या की बॅग उघडायला लावतात. त्यापेक्षा खोबरं एसटीच्या पार्सलने पाठवावं.

आता सगळ्यांचे डोळे उलव्याकडे लागलेत. तिथलं नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ला प्रवाशांसाठी उघडलं. त्याला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव मिळावं म्हणून २०२१च्या जूनमध्ये भूमिपुत्र सिडको भवनावर धडकले होते. सिडकोसाठी घेतलेल्या जमिनीतली साडेबारा टक्के परत मिळावी म्हणून १९८४ला उरणजवळच्या जासईत जी माणसं उभी राहिली, त्यांचा तो हक्कच. पण नावासाठी जेवढी माणसं रस्त्यावर आली, त्याच्या शतांशानेही कुणी विचारलं नाही की पहिल्या टप्प्यातल्या त्या एका धावपट्टीवर कोकणच्या छोट्या विमानासाठी सकाळची वेळ राखून ठेवणार का. हा प्रश्न आमदाराला विचारायचा, आणि तोही वेळापत्रक ठरायच्या आधी. हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरअखेर लागतं, उन्हाळी मार्चअखेर.

वेळ मिळाली तरी पनवेल-नेरुळचा चाकरमानी खूश होईल, लालबागचा अटल सेतूचा टोल भरून पोचेल. विरार-नालासोपाऱ्याच्या माणसाला मात्र उलवे गाठण्यापेक्षा दादरला जाऊन मध्यरात्री बारा-पाचची तुतारी एक्स्प्रेस पकडणंच सोपं. आरक्षण मिळालं तर.