केर्नरने लाच घेतली का? तुम्ही विचारलंत म्हणून

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचा एकेकाळचा गव्हर्नर ओटो केर्नर याचं नाव निघालं की प्रश्न ठरलेला असतो: जो गव्हर्नर लाच खाऊन तुरुंगात गेला, त्याच्या दंगलींवरच्या अहवालाचं एवढं कौतुक कशाला? १९६७मध्ये अमेरिकेत वांशिक दंगली झाल्या, राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने त्यांची कारणं शोधायला आयोग नेमला, आणि देश ‘एक काळा, एक गोरा’ अशा दोन समाजांत फुटत चालला आहे, असं त्याच्या अहवालाने सांगितलं. आयोग ११ जणांचा होता, केर्नर त्याचा अध्यक्ष, एवढंच सांगतो. खरी गफलत ‘लाच’ या शब्दापाशी होते. लोकांना नोटांनी भरलेली बॅग दिसते. इथे बॅग नव्हती, शेअर होते.

इलिनॉयमध्ये घोड्यांच्या शर्यतींच्या तारखा राज्याचं रेसिंग बोर्ड वाटून देई. चांगल्या तारखांवर रेसकोर्सचा सगळा गल्ला अवलंबून, आणि बोर्डावरची माणसं गव्हर्नर नेमणार. (तिथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो निवडून येतो, कारभार त्याच्याच हातात. आपल्या मुख्यमंत्र्यासारखा म्हणा.) आर्लिंग्टन पार्क आणि वॉशिंग्टन पार्क चालवणाऱ्या बाईंनी केर्नर आणि त्याचा सहकारी टेड आयझॅक्स यांना रेसकोर्स कंपनीचे शेअर खऱ्या किमतीच्या मानाने फारच स्वस्तात दिले. बदल्यात हव्या त्या तारखा, शिवाय आर्लिंग्टन पार्ककडे उतरायला एक्स्प्रेसवेवरून दोन फाटे. शेअर पुढे चढ्या भावाने विकले गेले. कागदावर पाहिलं तर साधी गुंतवणूक.

आणि हे फुटलं कशाने? बाईंनी त्या शेअरची किंमत स्वतःच्या आयकर विवरणात धंद्याचा खर्च म्हणून वजा केली. इलिनॉयमध्ये धंदा करायचा तर हे द्यावंच लागतं, अशी त्यांची सरळ समजूत! लाच खाणाऱ्याने तोंड बंद ठेवलं, देणारीने तिची वजावट मागितली.

तोवर केर्नर न्यायाधीश झालेला होता. मे १९६८मध्ये तो शिकागोच्या सातव्या सर्किटच्या (म्हणजे विभागाच्या) संघीय अपील न्यायालयात गेला. वडीलही कधीकाळी त्याच न्यायासनावर होते. डिसेंबर १९७१मध्ये आरोपपत्र आलं. बचाव असा की, पदावर असलेल्या संघीय न्यायाधीशाला आधी महाभियोगाने काढा, मगच फौजदारी खटला भरा. मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, पण टिकला नाही. खटल्यासाठी टेनेसीचा न्यायाधीश आणला, अपीलही बाहेरच्या न्यायाधीशांनी ऐकलं. स्वतःच्या सहकाऱ्याचा निवाडा कोण करणार? फेब्रुवारी १९७३मध्ये १७ आरोपांवर दोषी, ३ वर्षं कैद, ५०,००० डॉलर दंड. महाभियोग दारात उभा राहिला तेव्हा, जुलै १९७४मध्ये, राजीनामा. फुप्फुसाच्या कर्करोगामुळे १९७५मध्ये लवकर सुटका आणि मे १९७६मध्ये मृत्यू.

खटल्याच्या वेळी राष्ट्राध्यक्ष होता विरोधी पक्षाचा निक्सन, म्हणून मीही पूर्वी ‘निक्सनचा सूड’ म्हणून मोकळा व्हायचो. सरकारी वकील जेम्स थॉम्पसन निक्सनने नेमलेला, आणि १९७६मध्ये तो स्वतःच इलिनॉयचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. संशय येणारच. पण त्या बाईंचं विवरण काही निक्सनने भरलं नव्हतं. ग्रँड ज्युरीपुढे (आरोप ठेवायचे की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) खोटं बोलायलाही केर्नरला कुणी भाग पाडलं नव्हतं.

तरी एक कुसळ राहतं. टपालातून फसवणुकीचं कलम त्याला लावलं, ते ‘नागरिकांचा प्रामाणिक सेवेचा हक्क बुडवला’ या युक्तिवादावर. १९८७मध्ये मॅकनॅली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच युक्तिवाद फेटाळला: कलम पैसा आणि मालमत्तेपुरतं. १९८८मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा दुरुस्त करून तो परत आणला, पण केर्नरला जाऊन तेव्हा १२ वर्षं झाली होती. त्या आरोपांचं मग काय करायचं? खोटी साक्ष आणि बुडवलेला कर शिल्लक आहेच, असं मी उत्तर देतो. मग वाटतं, तेवढ्यासाठी ३ वर्षं दिली असती का? हे मला अजून ठरवता आलेलं नाही.